राखेचं मैदान

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी भावकीत सांगितलं, जावई परदेशात इलेक्ट्रिशियन आहेत. धडधडीत खोटं. पण त्यांचाही इलाज नव्हता. आधी त्यांनी खरं सांगून पाहिलं होतं. वणीजवळच्या आमच्या गावात पारावर बसलेल्या माणसांना ते दोन्ही हातांचं कडं करून दाखवत आणि यातून चेंडू टाकायचा, असं सांगत.

“आन् मंग?”

“मंग काय, खाली पडतो. पुन्हा टाकायचा.”

“बरं. आन् काम काय करतो?”

चार ठिकाणी हाच प्रश्न आल्यावर वडील वैतागले आणि इलेक्ट्रिशियन सांगून मोकळे झाले.

मलाही त्याहून जास्त काही ठाऊक नव्हतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी डी.एड. करून नाशिकरोडच्या एका प्राथमिक शाळेत नुकती लागले होते, आणि स्थळ एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतलं होतं. मुलगा बघायला आला तो आमच्या दारातून वाकून आत आला आणि पोहे संपेपर्यंत वाकलेलाच बसला. बोलला काहीच नाही. पण माझ्या धाकट्या भावाच्या हातून पाण्याचा पेला निसटला, तेव्हा याचा हात कुठून आला ते कोणालाच कळलं नाही. पेला हातात, निम्मं पाणी पेल्यातच, आणि नजर माझ्या आईकडे, कारण ती काहीतरी विचारत होती. मी तिथंच होकार ठरवून टाकला. घरच्यांना मात्र सांगितलं की परदेशातली नोकरी आहे म्हणून.

नाव मी तेव्हाही घेत नव्हते, आताही घेणार नाही. आमच्या कॉलनीत ‘हे’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं, कारण इतकं उंच दुसरं कोणी नव्हतंच. लग्न विहारात लागलं. हार घालताना हे वाकले, तरी माझा हात पुरेना, तेव्हा माझ्या मावशीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “जावयाला बसवायचं का खाली?” मला तेव्हा इतका राग आला होता की वंदना संपेपर्यंत मी तिच्याकडे पाहिलं नाही.

यांचं परदेशातलं काम समजून घ्यायला मला दोन वर्षं लागली. मुंबईच्या एका बास्केटबॉल शिबिरात यांच्याबरोबर असलेला एक मुलगा बहारीनला गेला होता. तिथल्या एका व्यापारी शेटचा स्वतःचा संघ होता. त्याला उंच माणूस हवा होता म्हणून मित्रानं यांना बोलावून घेतलं. कागदावर हे गोदामाचे स्टोअरकीपर, आणि संध्याकाळी खेळाडू. पुढल्या वर्षी शेटचं मन बदललं, तर कुवेतच्या संघानं उचललं. तिथून सायप्रस. तिथं तर गोदामाचं सोंगही राहिलं नाही, नुसता खेळ. असे खेळाडू जगभर असतात म्हणे. ज्यांचे फोटो छापून येतात ते नव्हेत. भिंत बांधताना नेमक्या मापाचा एक दगड कमी पडतो आणि तो बाहेरून आणावा लागतो, तशी ही माणसं. संघ एका वर्षासाठी बोलावतो. वर्ष संपलं की बॅग भरायची, आणि पुढचं बोलावणं येईल की नाही याची वाट बघत घरी बसायचं.

ती वाट आम्ही सगळेच बघत असू. हे उन्हाळ्यात यायचे. पोळा जवळ यायला लागला की घरातलं बोलणं कमी व्हायचं. तार वीजकेंद्राच्या ऑफिसात यायची. शिपाई सायकलवरून आमच्या गल्लीकडे वळला की आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पदराला हात पुसत बाहेर यायच्या. कोणता देश, हे त्या विचारत नसत. “आली का?” एवढंच. तार आली की पुरणपोळी, आणि मग आठवडाभर मी चिडचिड करायची, कारण तार आली म्हणजे माणूस जाणार. ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी भांड्यांवर राग काढायची.

तिकडच्या गोष्टी हे फार सांगत नसत. खोदून काढाव्या लागत. एका खोलीत चार देशांची चार माणसं राहायची, आणि एकमेकांची भाषा एकालाही येत नसे. आकडे आणि शिव्या यांनी सगळ्या भाषांमधल्या शिकून घेतल्या, मैदानात एवढ्यावर भागतं म्हणाले. पिठलं करायचे तर खोलीतले बाकीचे नाक धरून बाहेर जायचे, आणि पुढं पुढं तेच ताट घेऊन आधी बसायचे. कुठल्याच गावात यांचं नाव कोणाला धड उच्चारता आलं नाही. एका गावात तर लोकांनी यांना परस्पर दुसरंच नाव ठेवलं, आणि हे वर्षभर त्या नावाला ओ देत राहिले. मला याचं फार वाटायचं. मी शाळेत हजेरी घेताना एखाद्याचं नाव चुकलं तर पोरगं रडवेलं होतं. आणि हा माणूस दर वर्षी नव्या गावात, नव्या लोकांत, बिननावाचा जाऊन उभा राहत होता, आणि ज्यांना आपलं बोलणं कळत नाही त्यांच्या मनातलं ओळखून चेंडू देत होता. हे कसं जमत असेल, याचा मी पोळ्या लाटताना तासन् तास विचार केला आहे.

थोडीफार कल्पना मला घरातच आली होती. आत्या ओट्यापाशी कांदे चिरायला बसायच्या आणि हे दाराशी पोत्याजवळ. आत्यांनी मागायच्या आत कांदा त्यांच्या सुपात येऊन पडायचा. हे तेव्हा रस्त्याकडे बघत असायचे. आमची मुलगी रांगायला लागली होती तेव्हाची गोष्ट. ती पलंगाच्या कडेला गेली, मी किंचाळले, आणि पाठमोरे बसून दाढी करणाऱ्या यांनी हात मागे नेऊन तिला अलगद धरलं. आरशात दिसली असेल म्हणावं, तर आरसा तळहाताएवढा, त्यात फक्त हनुवटी मावायची. मी विचारलं, “कसं कळलं?” तर म्हणाले, “पोरगी कुठं आहे ते माहीत नको का?” असं, की जणू सगळ्यांनाच सगळं कुठं आहे ते माहीत असतं. मला तर माझा चष्मा कुठं आहे ते कळत नाही.

दर वर्षी हे जुन्या संघाचं बनियन घेऊन येत. त्या चकचकीत कापडाचं करायचं काय, हा आत्यांपुढे मोठा प्रश्न होता. पोतेरं करून बघितलं तर म्हणाल्या, “पानीच पीत नाय मेलं.” शेवटी त्यांनी ती सगळी बनियनं उसवून गोधडीला लावली. बहारीनचं लाल, कुवेतचं पिवळं, सायप्रसचं निळं. सुई त्यावरून घसरायची आणि आत्या परक्या देशांना शिव्या घालायच्या. ती गोधडी मामा पांघरत. मामा म्हणजे माझे सासरे.

मामा वीजकेंद्राच्या राख विभागात होते. कोळसा जळून उरलेली राख हलवायची, पाणी मारून दूर टाकायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मितभाषी माणूस. ड्यूटीला कधी मिनिटाचा उशीर नाही. मुलाच्या बनियनांखाली झोपायचे, पण मुलाचा खेळ हा विषय निघाला की उठून जायचे. आधी मला वाटलं, वडिलांना असला बिनभरवशाचा धंदा पसंत नसेल. मग माझ्या लक्षात आलं की ते ड्यूटीलाही वाकड्या वाटेनं जातात. आमच्या क्वार्टरपासून गेटकडे जाणारी सरळ वाट मैदानाच्या कडेनं होती. मामा पाण्याच्या टाकीमागून सायकल घालायचे, ऊन असो वा पाऊस. एकदा मी आत्यांना विचारलं. त्यांनी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं.

“त्यांला वाटतं, पोराचं त्यांच्याच हातानं वाटोळं झालं,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. कॉलनी नवी होती तेव्हा पोरांना खेळायला जागा होती, पण ती काळ्या मातीची. पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा. यांना शाळेतल्या मास्तरांनी बास्केटबॉलचं वेड लावलं होतं. वर्कशॉपमधल्या लोकांनी लोखंडी कडी करून खांबावर बसवून दिली, पण खाली जमीन धड नाही. तेव्हा मामांनी छातीठोकपणे सांगितलं, जमीन मी करून देतो. राखेच्या ढिगांवर पाणी पडून वाळलं की वर कशी टणक साय धरते, हे ते रोज बघत होते. त्यांनी ट्रकच्या ट्रक राख आणून पसरली. बायकांनी बादल्यांनी पाणी मारलं, बाप्यांनी रूळ फिरवला. पंधरवड्यात पाटीसारखं गुळगुळीत, करडं मैदान तयार झालं. मामांची कॉलनीभर वाहवा झाली. तो हिवाळा पोरं त्यावर मनसोक्त खेळली.

मग उन्हाळा आला. वरची साय पोरांच्या टाचांनी फुटली आणि खालून भुगा वर आला. घोट्याएवढी भुसभुशीत राख. चेंडू आपटला की धप्प व्हायचा आणि तिथंच बसायचा. दर वर्षी मामा पुन्हा पाणी मारायचे, पुन्हा रूळ फिरवायचे, आणि दर वर्षी तेच. पोरं घरी येत ती गोसाव्यासारखी राख फासून. दुसऱ्या कॉलन्यांतली पोरं यांच्या संघाला ‘राखवाले’ म्हणायला लागली.

बास्केटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळता येत नाही. तो जमिनीवर आपटत, टप्पे टाकत पुढं न्यावा लागतो. हे माझ्यासारखीलाही आता कळतं. ज्या मैदानावर टप्पाच पडत नाही तिथं वाढलेल्या पोराला ही कला येणार कुठून? हे राज्याच्या संघाच्या निवडीसाठी मुंबईला गेले. तिथल्या एका साहेबांनी सांगितलं, उंची आहे, हात आहेत, पण हा मुलगा चेंडू जमिनीला लावायला घाबरतो. कुठं शिकलास? यांनी खरं ते सांगितलं, राखेत. सगळे हसले. यांनीही घरी येऊन हसतच सांगितलं. मामा जेवत होते. त्यांनी ताट सारलं. त्यानंतर त्यांनी मैदानावर पाय ठेवला नाही.

“तुमच्या मुलानं कधी बोल लावला का?” मी विचारलं.

“त्यानं कशाला लावला पायजे? ह्यांचं हे लावून घेत्यात.”

म्हणजे मामांचं गणित असं होतं. पोराला राज्याच्या संघात घेतलं असतं तर इथंच चांगल्या कंपनीत चिकटला असता, घरी राहिला असता. राखेनं ते घालवलं, म्हणून तो देशोदेशी फिरतो आणि एक संघ त्याला दोन वर्षं ठेवत नाही. त्यांच्या मते मुलाची ती सगळी वणवण त्यांनी ट्रकानं आणून टाकली होती. मी नवऱ्याला हे सांगितलं. “मी काय बोलू?” म्हणाले. “मी बोललो की ते उठून जातात.” एकाच घरातले दोन पुरुष, आणि मधे एक करडं मैदान. मला दोघांना समोरासमोर बसवून झापावंसं वाटायचं. पण सून होते.

पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. हे सायप्रसहून गुडघा बांधून आले होते. एके दिवशी नळावर एका बाईनं मला आपुलकीनं बाजूला घेतलं. “आगं, लपवायचं काय त्यात? हाटेलात भांडी घासत आसला तरी कष्टाचंच हाय ना? खेळायचा पगार कोन देतं?” बाकीच्या बायका एकदम घागरींकडे बघायला लागल्या. म्हणजे हे बोलणं जुनं होतं, फक्त माझ्यापर्यंत आज आलं. मी तशी तोंडाळ, पण त्या दिवशी घागर अर्धीच घेऊन घरी आले.

यांच्या बॅगेच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट होती, ती मी आल्या दिवशीच पाहिली होती. संघातल्या कोणाच्या भावानं सामना काढून दिला होता. ती लावायला आमच्याकडे काही नव्हतं, म्हणून कोणाला तिचं कौतुकही नव्हतं. मी म्हटलं, “रविवारी ही सगळ्यांना दाखवायची.”

“त्यात बघण्यासारखं काही नाही,” हे म्हणाले.

“आहे का नाही ते मी ठरवीन.”

तेव्हा नाशिकरोडला व्हिडिओ भाड्यानं मिळायला लागले होते. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि ते चालवणारा माणूस, असं सगळं रिक्षानं येई. फक्त सामन्याला कोणी आलं नसतं, म्हणून मी नंतर एक हिंदी पिक्चरही ठेवला. दुपारी समाजमंदिरात सगळी कॉलनी लोटली. नळावरची बाई पुढच्या रांगेत. उजेड आत येऊ नये म्हणून खिडक्यांना चादरी लावल्या. एक खिडकी उरली, तिला आत्यांनी ती बनियनची गोधडी टांगली. हे शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले, गुन्हा केल्यासारखे. मामा पहिल्या पाळीला गेले होते.

सामना सुरू झाला. मी स्वतः यांना खरंखुरं खेळताना पहिल्यांदाच बघत होते. निळ्या कपड्यांतली माणसं इकडून तिकडं पळत होती, कोणी तरी अगम्य भाषेत ओरडत होतं. “ते बघा!” मी गुडघ्याची पट्टी ओळखून म्हटलं, तोवर चित्र पुढं गेलं होतं. कॅमेरा चेंडूच्या मागं, आणि चेंडू यांच्यापाशी थांबतच नव्हता. आला की गेला. पुन्हा दिसले, पुन्हा गेला. पोरांनी चुळबुळ सुरू केली.

“याला कोणी चेंडू देईनाच,” एक जण म्हणाला.

“देतात की. चटका बसल्यासारखा टाकून देतोय.”

कडीत चेंडू टाकत होते ते दुसरेच. कॉलनीला हवा होता पिक्चरमधल्यासारखा एक माणूस, जो सगळ्यांना चुकवून पळत जाईल आणि चेंडू टाकेल. तसं काहीच होत नव्हतं. उलट भलतंच. एका गोऱ्या, दाढीवाल्या माणसानं चेंडू टाकला, आणि परत पळताना यांच्याकडे बोट रोखलं. थोड्या वेळानं दुसऱ्यानं टाकला, त्यानंही बोट रोखलं. मग एका काळ्या उंच माणसानं.

“आगं बाई,” नळावरची हळहळली, “सगळेच दम देतात की याला!”

हॉलमध्ये कुजबुज झाली. आमच्याकडे बोट रोखणं म्हणजे दुसरं काय असतं? आत्यांचे डोळे भरले. मलाही वाटलं की मी कशाला हा उद्योग केला. माणूस तिकडं बोलणी खातोय आणि मी पैसे देऊन त्याचे धिंडवडे काढले. व्हिडिओवाल्यानं विचारलं, “ताई, पिक्चर लावू का?”

“थांब.” दारातून आवाज आला.

मामा होते. पाळी संपवून घरी गेले होते, कुलूप होतं, किल्ली आत्यांच्या कमरेला. ती न्यायला आले आणि दारातच उभे राहिले होते, किती वेळ कोण जाणे. अंगावर राखेचे कपडे, हातात सायकलचं हँडल.

“मागं घे,” ते व्हिडिओवाल्याला म्हणाले. “ते बोट दावलं, त्याच्या आधी.”

माणसं पडद्यावर उलटी पळाली. चेंडू कडीतून वर निघाला, दाढीवाल्याच्या हातात आला, तिथून मागे, आणि थेट यांच्या हातात. मामांनी सायकल भिंतीला लावली आणि टीव्हीजवळ जाऊन बसले. “पुढचं.” पुढच्या बोटाच्या आधीही तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. प्रत्येक वेळी चेंडू टाकणारा वेगळा, आणि त्याच्या आधीचे दोन हात आमच्या घरातले. मी हे सगळं आत्ताच पाहिलं होतं आणि काहीच पाहिलं नव्हतं. यांनी बघितलेलंही नसायचं आणि चेंडू जायचा, जिथं अजून माणूस पोचलाही नाही तिथं, आणि माणूस तिथं येऊन उभा राहायचा. सुपात कांदा पडावा तसा. हॉलमध्ये कोणी खोकत नव्हतं.

“हे दम का देतात?” मामांनी मागे न बघता विचारलं. कित्येक वर्षांत त्यांनी मुलाला खेळाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न.

“दम नाही, बाबा,” हे मागून म्हणाले. “चेंडू टाकला की ज्यानं दिला त्याला बोट दाखवायचं, अशी तिथली रीत आहे. मी टाकला, पण तू दिलास, म्हणून.”

नळावरची बाई “असं होय!” म्हणाली आणि हळूच पदर सावरून बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघायची गरजच राहिली नव्हती.

मामा अजून पडद्याकडेच बघत होते. “आन् तू टप्पा का नाय टाकत? सगळे टाकतात. तू येकदाबी नाय.”

यांनी गुडघ्याची पट्टी चाचपली. मग म्हणाले, “राखेत पडला की वर येत नाही ना, बाबा. खाली पडायच्या आत द्यायचा, हीच सवय लागली. सगळ्या जगात टप्पे टाकणारे ढिगानं आहेत. मला दर वर्षी कोणी ना कोणी बोलावतं ते तेवढ्यासाठीच.”

मामा उठले. आत्यांकडून किल्ली घेतली, सायकल घेतली आणि गेले. मला वाटलं, पुन्हा तेच झालं, उठून गेले. व्हिडिओवाल्यानं पिक्चर लावला. कॉलनीनं तो शेवटपर्यंत बघितला. मला त्यातलं एक गाणंही आठवत नाही.

पुढं आणखी दोन देश झाले. मग गुडघ्यानं हात टेकले आणि हे कायमचे घरी आले, कॉलनीतल्या पोरांना शिकवायला लागले. मैदानावर सिमेंट पडलं ते त्याच्याही नंतर. पण मला सांगायची आहे ती त्या रविवारनंतरची सोमवार सकाळ.

मामा पहिल्या पाळीला निघाले आणि डबा फळीवरच विसरले. असं कधी होत नसे. मी डबा घेऊन टाकीमागच्या वाटेनं पळत गेले. सायकल दिसेना. परत फिरले ती सरळ वाटेनं, मैदानाच्या कडेनं, आणि थबकले.

हे रोजच्यासारखे सकाळी एकटे कडीखाली होते, गुडघ्याला पट्टी बांधून. मामांची सायकल खांबाला टेकलेली. मामा राखेत उभे होते, ड्यूटीच्या कपड्यांत, हात कुठं ठेवावेत ते न कळून. माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. यांनी चेंडू त्यांच्याकडे टाकला. मामांनी तो पोटाशी गच्च धरला, पोतं झेलावं तसा. आता याचं काय करायचं, म्हणून इकडेतिकडे बघितलं. खाली आपटला नाही. उचलून परत फेकला, आणि फेकला तोही भलत्याच बाजूला, खाली.

मी मनात म्हटलं, गेला. पण यांनी त्या दुखऱ्या पायावर अंग झोकलं, राखेपासून वीतभर उंचीवर चेंडू उचलला आणि त्याच हिसक्यानं वर सोडला. कडीतून आवाजही न करता तो खाली आला, धप्प झाला आणि तिथंच बसला. गेटवरचा भोंगा वाजला. मामांना ऐकूच आला नाही.

हे वळले, हात लांब केला आणि मामांकडे बोट दाखवलं.

मामांनी मागे वळून बघितलं. मागे मी होते, डबा घेऊन.

“मी नाही, मामा,” मी म्हटलं. “तुम्ही.”